परक्यांनी ठेवलेले नाव

'वेल्स' हे नाव त्या भूमीने स्वतःला दिलेले नाही. वेल्श भाषेत देशाचे नाव 'कम्री'. त्याच्या मुळाशी अर्थ आहे 'एका मुलखातले लोक', म्हणजे स्वकीय. 'वेल्स' मात्र जुन्या इंग्रजीतील 'वेआल्ह' या शब्दातून आला आणि त्याचा अर्थ 'परका'. समुद्रापलीकडून आलेल्या अँग्लो-सॅक्सनांनी आधीपासून राहणाऱ्यांनाच परके ठरवले!

हे केवळ बोलण्यापुरते नव्हते. सातव्या शतकाच्या अखेरीस वेसेक्सचा राजा इने याने केलेल्या कायद्यात माणसाच्या जिवाची भरपाई ठरलेली होती: इंग्रज उमरावासाठी १२०० शिलिंग, तर पाच हाइड जमीन बाळगणाऱ्या 'वेआल्ह'साठी ६००. पुढे याच शब्दाला 'गुलाम' असाही अर्थ चिकटला.

मुळात हे एका केल्टिक जमातीचे, 'व्होल्के' यांचे नाव असावे, असे बहुतेक भाषाशास्त्रज्ञ मानतात. ज्युलियस सीझरने गॉलच्या युद्धवृत्तांतात त्यांचा उल्लेख केला आहे. शेजारच्या जर्मानिक टोळ्यांनी ते नाव सर्व केल्टांना लावले. गॉलमधील केल्ट लॅटिन बोलू लागल्यावर ते लॅटिनभाषकांना चिकटले. (फ्रँक जमातीचे नाव अरबी-फारसीतून फिरत येऊन मराठीत पोर्तुगिजांना 'फिरंगी' करून गेले, तोच हा प्रकार.) बेल्जियमचे वालून त्यातलेच. जर्मनभाषक स्विस माणूस फ्रेंचभाषकाला आजही 'वेल्श' म्हणतो. अक्रोडाच्या 'वॉलनट' या इंग्रजी नावातही हाच 'परका' दडला आहे.

जर्मानिकांकडून हा शब्द स्लाव्ह भाषांत गेला आणि तिथे त्याला दोन वाटा फुटल्या. पोलिश भाषेत 'व्वोखी' म्हणजे चक्क इटली. बाल्कनमध्ये 'व्लाख' म्हणजे लॅटिनोद्भव बोली बोलणारे लोक, बहुधा मेंढपाळ. 'वालाकिया' हे नाव त्यावरूनच पडले. तिथले रहिवासी मात्र स्वतःचे नाव रोमशी जोडत आले होते. १८६६च्या राज्यघटनेने 'रोमानिया' हे नाव अधिकृत झाले, तेव्हा त्यांनी आपल्याच तोंडचे नाव राष्ट्राला दिले.

हंगेरियनांनी स्लाव्हांकडून हाच शब्द उचलून त्याची दोन रूपे केली: इटालियनांसाठी 'ओलास', रोमानियनांसाठी 'ओलाह'. 'ओलास' आजही रोजच्या वापरात आहे. 'ओलाह'मध्ये हेटाळणी मुरली, आणि हंगेरियन भाषेला अखेर त्या शेजाऱ्यांसाठी 'रोमान' हा शब्द स्वीकारावा लागला.