आल्प्समधील एक द्राक्षमळा : परंपरा की पुनर्रचना?

जैवगतिक मद्यनिर्मिती म्हणजे यंत्रयुगापूर्वीच्या कृषिपरंपरेचे पुनरुज्जीवन होय, असे पुष्कळदा मानले जाते. उत्तर इटलीच्या त्रेंतिनो प्रांतातील फोरादोरी घराण्याच्या मळ्याचा इतिहास पाहता हे मत तपासून घेणे अगत्याचे ठरते.

मेझ्झोलोंबार्दो येथील हा मळा या घराण्याकडे आहे. नोचे नदीने डोंगरातून वाहून आणलेल्या गोट्यांच्या मैदानात तेथे ‘तेरोल्देगो’ हे स्थानिक काळे द्राक्ष पिकते. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात भरघोस पीक देणाऱ्या मोजक्या वेलींचीच कलमे मोठ्या प्रमाणावर लावली गेली. उत्पन्न वाढले, पण वेलींतील वैविध्य आणि रसाचा कस उणावला. १९८० नंतरच्या दशकात एलिसाबेत्ता फोरादोरी यांनी जुन्या मळ्यांतून निरनिराळ्या वेली निवडून त्यांची लागवड आरंभिली. रुडॉल्फ स्टाइनर यांनी १९२४ साली व्याख्यानांतून मांडलेली जैवगतिक पद्धती त्यांनी स्वीकारली ती २००२ साली. म्हणजे वेलींची निवड आधी झाली, तत्त्वज्ञान मागाहून आले.

शिवाय पूर्वस्थितीकडे परतणे शक्यही नव्हते. अमेरिकेतून आलेला केवडा रोग १८७८ च्या सुमारास युरोपात आढळला. त्यावर सेंद्रिय मळ्यांतही मुख्यतः तांबेयुक्त फवाऱ्याचाच आधार घ्यावा लागतो; युरोपीय संघाने २०१९ पासून त्यातील तांब्यावर सात वर्षांत हेक्टरी २८ किलोग्रॅमची मर्यादा घातली.

तात्पर्य, येथील परंपरा ऱ्हासाची जाणीव झाल्यावर विचारपूर्वक घडविलेली आहे. तिचे मूल्यमापन करताना प्राचीनत्वाचा दावा बाजूस ठेवून राखलेल्या वैविध्याकडे पाहणेच इतिहासास धरून होईल.