भोर-वेल्ह्याची सरोवरे : ज्यांची नावे, त्यांचीच खोरी

१/ इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमधील सरोवरे हिमनद्यांनी कोरली. भोर-वेल्ह्याच्या काळ्या पाषाणाला हिमनदी ठाऊक नाही. राजगड-तोरण्यावरून दिसणारी विस्तीर्ण सरोवरे धरणांच्या भिंतींनी घडवली आहेत. त्यामुळे त्यांचा इतिहास भूगर्भापेक्षा राज्यकारभारात शोधावा लागतो. #थ्रेड

२/ हे मावळ. नदीगणिक एक खोरे आणि खोऱ्यागणिक देशमुखी, अशी येथील जुनी व्यवस्था. स्वराज्याचे पहिले सवंगडी याच खोऱ्यांतून आले.

३/ वेळवंडी नदीवर भाटघर येथे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पहिले धरण झाले. पुढे १९२८ साली त्याहून मोठे धरण पूर्ण झाले. मुंबईचे गव्हर्नर जॉर्ज लॉईड यांच्यावरून ते ‘लॉईड धरण’ म्हणून ओळखले गेले.

४/ भोर तेव्हा पंतसचिवांचे संस्थान होते. संस्थानातले खोरे बुडाले. नीरेच्या डाव्या कालव्याने भिजली ती ब्रिटिश मुलखातील बारामती-इंदापूरची शेते.

५/ शेजारच्या मुळशीत सेनापती बापटांचा सत्याग्रह याच दशकातला. त्याची नोंद इतिहासात ठळक आहे. वेळवंड खोऱ्याच्या वाट्याला तशी प्रसिद्धी आली नाही.

६/ पानशेत म्हटले की पुणेकरांना १२ जुलै १९६१ चा पूर आठवतो. भिंतीच्या वरच्या अंगाला आंबी खोऱ्यातील गावे उठली, हे त्या आठवणीत क्वचितच येते.

७/ येथील जुनी अभयारण्ये म्हणजे देवराया. देवाच्या धाकाने तेथील वाळकी काटकीही कोणी उचलत नसे. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात पश्चिम घाटातील अशा राया अभ्यासून त्यांचे मोल जगापुढे मांडले. देवराई गावाच्या वहिवाटीवर टिकते. गाव उठले की रायीचा राखणदारही उठतो.

८/ आता जलाशयांची नावे पाहा. भाटघरला येसाजी कंक, वरसगावला वीर बाजी पासलकर. येसाजी वेळवंड खोऱ्यातील भुतोंड्याचे, तर बाजी मोसे खोऱ्याचे देशमुख. ज्या खोऱ्यांनी हे वीर दिले, त्यांच्याच तळाशी आज त्यांच्या नावांचे पाणी आहे.

९/ उन्हाळ्यात भाटघरचे पाणी ओसरले की कांबरेश्वराचे प्राचीन मंदिर उघडे पडते आणि छायाचित्रांसाठी गर्दी होते. आपणही गेलात, तर मंदिर पाहून परतू नका. काठावरच्या एखाद्या वृद्धाला विचारा, ‘आजोबा, तुमचं जुनं गाव कुठं होतं?’ ते उत्तर लिहून ठेवा. वेळवंड खोऱ्याच्या इतिहासाचे ते साधन आहे.