इतिहासकाराचें मौन

राजाच्या गौरवासाठीं लिहिलेल्या चरित्रास इतिहास म्हणावें काय, हा प्रश्न जुना आहे. मराठी वाचकांस तो बखरींच्या निमित्तानें चांगला परिचित आहे. बखरकाराची भक्ति किती ग्राह्य धरावयाची व अस्सल कागदाशीं ती कशी ताडून पाहावयाची, ही चर्चा आपल्याकडे राजवाड्यांच्या काळापासून चालत आली आहे. तोच प्रश्न ख्रिस्ती इतिहासलेखनाच्या अगदीं उगमापाशीं उभा आहे. आणि ज्या पुरुषाच्या संबंधानें तो उभा राहतो, त्याचें नांव कैसरियाचा युसेबियस.

पॅलेस्टाइनच्या किनाऱ्यावरील कैसरिया नगरांत त्या काळीं ख्रिस्ती ग्रंथांचा मोठा संग्रह होता. पॅम्फिलस नांवाच्या विद्वानानें तो जोपासला. युसेबियस हा त्याचा शिष्य. ३०३ सालीं डायोक्लीशियन बादशहानें ख्रिस्ती लोकांचा छळ आरंभिला व त्यांत ३१० सालीं पॅम्फिलसचा बळी पडला. शिष्यानें गुरूचें नांव आपल्या नांवास कायमचें जोडून घेतलें. पुढें तो त्याच नगराचा बिशप झाला.

त्याचा ग्रीक भाषेंतील ख्रिस्ती मंडळीचा इतिहास दहा भागांचा आहे. या वाटेनें आपल्यापूर्वीं कोणी गेलें नाहीं असें तो आरंभींच म्हणतो, आणि तें वाजवी आहे. वीरांच्या व मुत्सद्द्यांच्या तोंडीं स्वतः रचलेलीं भाषणें घालावयाचीं, ही ग्रीक-रोमन इतिहासकारांची रूढ रीत. युसेबियसनें ती बहुतेक बाजूस ठेवून जुनीं पत्रें, ग्रंथांतील उतारे व राजाज्ञा आपल्या कथनांत उतरून दिल्या. १७७ सालच्या सुमारास गॉल देशांत लिऑन येथें जो छळ झाला, त्याची हकीकत तेथील ख्रिस्ती लोकांनीं आशियांतील बंधूंस पत्रानें कळविली होती. तें पत्र आज आपणांस वाचावयास मिळतें, तें त्यानें उतरून ठेविलें म्हणूनच. पेपियस व हेगेसिपस या जुन्या लेखकांचे ग्रंथ नष्ट झाले. त्यांचे जे तुकडे उरले, त्यांपैकीं पुष्कळ त्याच्याच पानांत आहेत.

परंतु या गुणाच्या शेजारींच एक मोठा दोष आहे. ३१३ सालीं कॉन्स्टंटाइन व लिसिनियस या दोघां बादशहांनीं मिळून ख्रिस्ती लोकांस धर्मस्वातंत्र्य दिलें, तेव्हां युसेबियसच्या लेखीं दोघेही देवाचे आवडते होते. ३२४ सालीं कॉन्स्टंटाइननें लिसिनियसचा पराभव केला, आणि इतिहासाच्या शेवटच्या आवृत्तींत लिसिनियस क्रूरकर्मा ठरला. आधींच्या स्तुतीच्या खुणा मात्र पुसावयाच्या राहून गेल्या.

याहून कठीण गोष्ट क्रिस्पसची. हा कॉन्स्टंटाइनचा वडील मुलगा. ३२४ च्या युद्धांत लिसिनियसचें आरमार त्यानें मोडलें, आणि इतिहासाच्या अखेरीस बापाबरोबर त्याचेंही गुणगान आहे. दोनच वर्षांनीं, ३२६ सालीं, बापानें त्यास ठार करविलें; त्याच वर्षीं बादशहाची राणी फॉस्टा हिचाही अंत झाला. ३३७ सालीं कॉन्स्टंटाइन वारला. त्यानंतर युसेबियसनें त्याचें जें चरित्र लिहावयास घेतलें, त्यांत क्रिस्पसच्या मरणाची हकीकत नाहीं. इतकेंच नव्हे, तर असा कोणी मुलगा होता याचीही दाद लागत नाहीं. तेथें बादशहास मुलगे तीनच.

यावरून बुर्कहार्ट या स्विस इतिहासकारानें १८५३ सालीं आपल्या कॉन्स्टंटाइनवरील ग्रंथांत युसेबियसवर अप्रामाणिकपणाचा कडक आरोप केला. मग संशय वाढत गेला. ज्यानें एवढें लपविलें, त्यानें चरित्रांत दिलेलीं बादशहाचीं पत्रें तरी खरीं कशावरून? तीं त्यानें अथवा मागाहून कोणीं रचलीं असावींत, असें कित्येक विद्वान् म्हणूं लागले. आम्हीही वर्गांत हें मत पुष्कळ दिवस निःशंकपणें सांगत आलों. आज तसें सांगवत नाहीं.

त्याचें कारण एक जीर्ण तुकडा. लंडनच्या ब्रिटिश म्युझियमच्या संग्रहांत ८७८ क्रमांकाचा इजिप्तमधील एक पपायरस होता. त्याच्या एका बाजूस ३२० सालच्या आसपासचा एक अर्ज आहे. रिकाम्या पाठीवर कोणीं एका लेखकानें बादशाही पत्राची नक्कल करून ठेविली होती. ३२४ च्या विजयानंतर कॉन्स्टंटाइननें पूर्वेकडील प्रांतांस एक पत्र धाडलें होतें. हद्दपार केलेल्यांनीं घरीं परतावें, जप्त मालमत्ता परत मिळावी, अशा त्यांत आज्ञा होत्या. जोन्स या पंडितानें स्कीट यांच्या साहाय्यानें १९५४ सालीं दाखवून दिलें कीं, पपायरसवरील मजकूर हा त्याच पत्राचा भाग असून चरित्रांतील प्रतीशीं तो जुळतो. चरित्र लिहिलें जाण्याच्या कितीतरी आधीं तें पत्र इजिप्तमध्यें फिरत होतें. एका पत्रावरून सर्व पत्रें सिद्ध होत नाहींत हें खरें. पण पुराव्याचा भार आतां संशय घेणाऱ्यावर पडला आहे.

तेव्हां निष्पन्न काय झालें? युसेबियस कागद बनवीत नव्हता. तो नकोशा गोष्टी गाळीत होता. तसें त्यानें लपविलेंही नाहीं. बादशहाच्या धर्मशील आयुष्याशीं संबंध असलेलें तेवढेंच सांगणार, असें तो चरित्राच्या प्रारंभीं स्वच्छ लिहितो. ज्यानें गुरूचा वध पाहिला, त्यास छळ थांबविणाऱ्या राजाचे दोष दिसूं नयेत, हें मनुष्यस्वभावास धरून आहे. पण समजणें म्हणजे क्षमा करणें नव्हे. मारलेल्या मुलाचें नांवही न घेणें हा त्या मुलावर झालेला दुसरा अन्याय होय.

आणि तरीही क्रिस्पस लोपला नाहीं. इतिहासाच्या सिरियाक भाषांतरांत त्याचें नांव गाळलेलें आढळतें. ग्रीक हस्तलिखितांत तें शिल्लक आहे. एकदां हातांतून गेलेल्या प्रती परत बोलाविणें लेखकाच्या स्वाधीन नसतें. चरित्रकार युसेबियसनें जें दडविलें, त्याची साक्ष इतिहासकार युसेबियसच देत आहे. म्हणून त्याचे हे दोन्ही ग्रंथ शेजारीं शेजारीं ठेवून वाचावे, आणि दुसऱ्यांत जें नाहीं तें पहिल्यांत शोधावें, एवढेंच आमचें वाचकांस सांगणें आहे.