बिनगियरचा घोडा

आमच्या भागात घोड्याला फार मान. प्रकाश्याहून जवळच सारंगखेडा आहे. तिथं दत्तजयंतीला घोड्यांचा बाजार भरतो. घोड्याचा बाप कोण, आजा कोण, कपाळावरचा भोवरा शुभ की अशुभ याची चर्चा तिथं इतक्या गांभीर्यानं चालते, की मुलीचं स्थळ बघतानासुद्धा एवढी चौकशी होत नसेल. इतिहासही घोड्यांचाच. राजाच्या घोड्याचं नाव पाठ नसेल तर आमच्या वेळी मार्क कापले जायचे. सायकलीचं खानदान मात्र कुणी विचारत नाही. तिची फक्त हवा विचारतात.

वास्तविक सायकल जन्माला आली तीच म्हणे घोड्यामुळं. 1815 साली इंडोनेशियात तंबोरा नावाचा ज्वालामुखी फुटला. त्याच्या राखेनं पुढच्या वर्षी युरोपात उन्हाळाच आला नाही, पिकं बुडाली आणि घोड्याचा चारा माणसाच्या जेवणापेक्षा महाग झाला. 1817 साली कार्ल ड्राइस या जर्मन गृहस्थानं दोन चाकांची लाकडी गाडी काढली आणि पायानं जमीन ढकलत तो निघाला. ती या चाराटंचाईतून सुचली, असं काही इतिहासकार मानतात. आम्हा खानदेशी माणसांना हे लगेच पटतं. दुष्काळात माणूस काय काय शोधून काढतो ते आम्हाला कुणी शिकवायला नको.

पुढं पायडल आलं. मग पुढचं चाक हत्तीएवढं आणि मागचं मांजराएवढं, अशी एक भयंकर सायकल आली. तिच्यावरून पडणारा थेट डोक्यावरच पडायचा. 1885 साली जॉन केम्प स्टार्ले यानं दोन सारखी चाकं आणि मागच्या चाकाला साखळी अशी सायकल बाजारात आणली. 1888 साली डनलॉप यानं पोराच्या तीनचाकीसाठी हवेचा टायर केला. त्याच वर्षी लक्ष्मणराव किर्लोस्करांनी भावाच्या जोडीनं बेळगावात सायकलीचं दुकान थाटलं. पुढं त्यांचे लोखंडी नांगर गावोगाव पोचले. पण त्या साम्राज्याची सुरुवात सायकलीपासून झाली, हे नांगर धरणाऱ्या कितीजणांना ठाऊक असतं?

1923 च्या ऑक्टोबरात मुंबईचे सहा पारशी तरुण सायकलवर पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले. हकीम, बापासोला आणि भुमगरा हे तिघं ती पुरी करून 1928 च्या मार्चमध्ये परत आले. साडेचार वर्षं आणि एकाहत्तर हजार किलोमीटर! आम्ही शहाद्याला जाऊन आलो तरी संध्याकाळी पाय चेपून घेतो.

स्वातंत्र्यानंतर मद्रासजवळ अंबत्तूरला, सोनीपतला, लुधियान्याला कारखाने निघाले आणि हर्क्युलस, ॲटलस, हिरो ही नावं घराघरात आली. आमच्या आबांनी 1962 साली हर्क्युलस घेतली, तेव्हा घरात पहिल्यांदा लोखंडाला हळदकुंकू लागलं. अठ्ठावीस इंची चाकं, सळीचे ब्रेक, वजन वीस किलोच्या आसपास. तिच्यावर दुधाच्या बरण्या गेल्या, ज्वारीची पोती गेली, बाळंतपणाला सुईण आली. माझी थोरली बहीण शहाद्याच्या शाळेत गेली तीही मागच्या कॅरिअरवर बसून. गावात पहिल्यांदा मुलगी अशी रोज शिकायला जाताना दिसली, तेव्हा काही जिभाऊंनी भुवया उंचावल्या. आबांनी घंटी वाजवली. एवढाच काय तो वाद झाला.

आमचं प्रकाशा म्हणजे दक्षिणकाशी. तापी आणि गोमाईचा संगम, केदारेश्वराचं देऊळ, बारा वर्षांनी सिंहस्थ. काशी केली तरी प्रकाशा केल्याशिवाय यात्रा पुरी होत नाही, असं इकडं म्हणतात. त्यामुळं इथं येणारी प्रत्येक वस्तू मोक्षाच्या वाटेवर आहे असं धरून चालतात. आबांची सायकलही गोठ्याच्या मागं अशीच मोक्षाची वाट बघत उभी होती. भंगारवाला दोनदा येऊन वजनाचा अंदाज घेऊन गेला होता.

अशात माझ्या पुतण्याला सातपुड्याच्या पायथ्याशी एका आश्रमशाळेत नोकरी लागली. तासिका तत्त्वावर. म्हणजे जितके तास शिकवाल तितके पैसे. पहिला तास चुकला तर गुरुजी हजर असून गैरहजर. एस.टी. तोरणमाळच्या रस्त्यावर एका फाट्यावर सोडते. त्याच फाट्यावर त्यानं खोली घेतली. तिथून आत सहा किलोमीटर दगडधोंडे, दोन नाले आणि एक चढ. पायी गेलं तर पहिला तास बुडतो. मोटारसायकलचा हप्ता भरायचा तर पगार तिकडंच जातो, आणि त्या वर्षी घरातला कापूस पावसानं भिजलेला. चारा पुन्हा महाग झाला होता.

पोरगं म्हणालं, ‘काका, मी सायकल बनवतो. डोंगरात चालणारी.’

‘आबांच्या हर्क्युलसची?’

‘तिचीच.’

मिस्तरीनं सायकल पाहिली आणि विचारलं, ‘हाई सायकल शे का हत्ती?’

मग उत्खनन सुरू झालं. 1955 च्या सुमारास पुरातत्त्व खात्याच्या बी. के. थापर यांनी प्रकाश्याचं पांढरीचं टेकाड खणलं. त्यात ताम्रपाषाण युगापासून वर चार कालखंड सापडले. आमच्या सायकलीवरही रंगाचे चार थर निघाले. सगळ्यात वर गणेशोत्सवातली उरलेली चंदेरी, खाली खिडक्यांचा हिरवा, त्याखाली बैलाच्या शिंगांचा लाल आणि तळाशी कंपनीचा काळा. काळ्याखाली लोखंड मात्र शाबूत.

प्रथम जे काही खडखडत होतं ते सगळं निघालं: मडगार्ड, कॅरिअर, स्टँड, चेनकव्हर, डायनमो. सव्वीस इंची लहान सायकलीची दोन चाकं भंगारातून चारशेला मिळाली. मिस्तरीनं छर्रे बदलले, तारा आवळून रिंगेचा आऊट काढला. खाचखळग्यांचे रुंद टायर सातशे, ट्यूब दोनशेवीस, चेन एकशेसाठ. लहान चाकाच्या रिंगेपर्यंत सळीचे ब्रेक पोचेनात, म्हणून चिमट्याला वेल्डिंग करून नवे ब्रेक बसवले, त्याचे साडेतीनशे.

खरी गंमत एकशेवीस रुपयांच्या फ्रीव्हीलमध्ये होती. पुढच्या चक्राला दात चव्वेचाळीस, मागच्या जुन्या फ्रीव्हीलला अठरा. म्हणजे पायडल एकदा फिरलं की चाक जवळजवळ अडीचदा फिरणार. सपाटीला झकास, चढाला फेफे. पोरानं मागं बावीस दात लावले. आता एका फेरीला चाक बरोबर दोनदा फिरतं. त्यात चाक लहान, त्यामुळं चढ जवळजवळ पावपट हलका झाला. आणि जुन्या सायकलीत मागचा ॲक्सल खाचेत मागंपुढं सरकतो, तेव्हा चेन सैल पडली तर नटबोल्ट ढिले करून चाक मागं ओढायचं की काम झालं. हल्लीच्या गियरवाल्या सायकलीचा एक गियर करायचा तर चेन ताणायला वेगळा पुर्जा विकत घ्यावा लागतो. एकूण खर्च एकोणीसशेपन्नास. मिस्तरीनं मजुरी घेतली नाही. आबांनी त्याच्या बापाला कधीतरी तालुक्याच्या दवाखान्यात याच सायकलीवर नेलं होतं, म्हणाला.

गावात अर्थातच चेष्टा झाली. ‘शहरात एकवीस गियर असतात, तुझी एकाच गियरची डोंगरी सायकल कसली?’ त्या चेष्टेखातर मी पुस्तकं चाळली आणि मला घबाड सापडलं. डोंगरी सायकलीचा जन्मच मुळी असा झालेला! 1970 च्या दशकात कॅलिफोर्नियात मरीन परगण्यातल्या पोरांनी 1930-40 च्या जाड टायरच्या जुन्या सायकली कवडीमोलानं उचलल्या, मडगार्डं उपटून फेकली आणि माउंट टॅमल्पाइसच्या उतारावरून सोडून दिल्या. त्या सगळ्या एकाच गियरच्या. ब्रेक मागच्या चाकाच्या तुंब्यात. 1976 पासून तिथं शर्यती लागल्या. एका उतारात तुंब्यातलं ग्रीस जळून धूर व्हायचा आणि दर खेपेला ते नव्यानं भरावं लागे, म्हणून त्या शर्यतीचं नावच ‘रीपॅक’ पडलं. गियर नंतर आले. 1977 साली जो ब्रीझ यानं खास डोंगरासाठी नवी फ्रेम बांधली, 1981 साली कारखान्याचा माल दुकानात आला आणि किमती डोंगर चढू लागल्या. मग 1990 च्या दशकात तिकडच्याच हौशी मंडळींना गियरांचा कंटाळा आला. पैसे मोजून घेतलेले गियर त्यांनी काढून टाकले. त्यांचं आवडतं प्रमाण म्हणजे पुढं बत्तीस दात, मागं सोळा. एकास दोन! आमच्या मिस्तरीच्या चव्वेचाळीस-बावीसशी तंतोतंत जुळणारं. कॅलिफोर्निया आणि प्रकाशा यांच्यात एकही दाताचा फरक राहिला नाही.

3 जून 2020 रोजी, नेमक्या जागतिक सायकल दिनी, ॲटलसचा साहिबाबादचा कारखाना बंद पडला. ती बातमी आठवली की मला गोठ्यामागं उभी असलेली कितीतरी लोखंडी हाडं दिसतात. त्यांतल्या निम्म्यांना तरी मोक्षाची घाई नसेल.

पोरगं पहिल्या महिन्यात एकही तास चुकलं नाही. शेवटच्या चढाला उतरून ढकलावं लागतं, ते तो प्रामाणिकपणे सांगतो. मधल्या सुट्टीत पटांगणात सहावीच्या मुलींची रांग लागते. उंच दांड्याखालून पाय घालून त्या अर्ध्या पायडलवर शिकतात, पडतात, पुन्हा रांगेत येतात. थोरल्या बहिणीला मी हे फोनवर सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘कॅरिअर का काढलं रे त्यानं? परत लावायला सांग.’

लावलं. आता त्यावर वह्यांचा गठ्ठा जातो.

मध्यंतरी पोराला स्थळ पाहायला शहाद्याकडचे पाहुणे आले होते. मुलीच्या वडिलांनी चहा पिता पिता विचारलं, ‘गाडी कोणती?’

‘डोंगरी सायकल.’

‘गियर किती?’

‘एकच,’ पोरगं म्हणालं, ‘त्यामुळं चुकीचा पडायची भीती नाही.’

पाहुणे सारंगखेड्याच्या बाजारात मुरलेले असावेत. ते उठले, बाहेर गेले आणि सायकलीभोवती एक फेरी मारून त्यांनी मागचं चाक हातानं फिरवून पाहिलं.