जुनी गाडी नव्या गाडीहून महाग का होती? परवान्यांच्या काळातील मोटारींचा हिशेब

१/ नवी मोटार शोरूमबाहेर पडली की तिची किंमत उतरू लागते, हा आज सर्वांना ठाऊक असलेला नियम आहे. १९६० आणि १९७० च्या दशकांतील भारतात मात्र हा नियम अनेकदा उलटा चाले. काही वर्षे वापरलेली फियाट नव्या फियाटच्या अधिकृत दरापेक्षा अधिक किमतीला विकली जाई आणि घेणारा स्वतःला भाग्यवान समजे. या विपरीत व्यवहाराच्या मुळाशी एक साधा प्रश्न आहे: गाडी जुनी झाली, हे नेमके कोण ठरवते? #धागा

२/ सुरुवात स्वातंत्र्यपूर्व काळापासून करावी लागते. परदेशातून आलेले सुटे भाग जोडून गाडी उभी करण्याचे काम जनरल मोटर्स मुंबईत शिवडी येथे १९२८ पासून करीत होती. फोर्डचीही भारतात अशीच व्यवस्था होती. पुढे १९४२ मध्ये बिर्लांची हिंदुस्थान मोटर्स आणि १९४४ मध्ये मूळचे सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांची प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कंपन्या स्थापन झाल्या. प्रीमियरचा कारखाना मुंबईत कुर्ल्याला उभा राहिला.

३/ १९४९ मध्ये पूर्ण तयार गाड्यांच्या आयातीवर बंदी आली. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनच्या शिफारशीनुसार सरकारने आणखी एक पाऊल टाकले. गाडीचे भाग टप्प्याटप्प्याने भारतातच बनवण्याचा कार्यक्रम ज्यांच्याकडे असेल, त्याच कंपन्यांना यापुढे काम करता येणार होते. जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी गाशा गुंडाळला. परकीय चलन तुटपुंजे असलेल्या नव्या राष्ट्राच्या दृष्टीने या धोरणामागे निश्चित विचार होता. त्याची किंमत ग्राहकाने कशी मोजली, ते पुढे पाहू.

४/ सामान्य ग्राहकासमोर तीनच प्रमुख पर्याय उरले: बंगालमधील उत्तरपाड्याची अ‍ॅम्बॅसडर, कुर्ल्याची फियाट आणि मद्रासची स्टँडर्ड. किती गाड्या बनवायच्या, हेही परवान्याने ठरे. १९७० च्या दशकात संपूर्ण देशाचे मोटारींचे वार्षिक उत्पादन चाळीस हजारांच्या आसपास किंवा त्याहून कमीच राहिले. एवढ्या मोठ्या देशासाठी हा आकडा किती लहान होता, हे वेगळे सांगायला नको.

५/ उत्पादन मर्यादित आणि किंमतही सरकारी नियंत्रणाखाली. १९६९ मध्ये केंद्र सरकारने औद्योगिक विकास व नियमन कायद्याच्या आधारे मोटारींचे विक्रीदर निश्चित केले. कंपन्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १९७१ च्या निकालात, दर ठरवताना उत्पादनखर्चाबरोबर भांडवलावरील वाजवी परतावाही धरला पाहिजे, हे तत्त्व मान्य झाले. दर कागदावर आटोक्यात राहिला, परंतु मागणी काही आटोक्यात येईना. पैसे भरून नाव नोंदवायचे आणि वर्षानुवर्षे वाट पाहायची, हा शिरस्ता झाला.

६/ या रांगेतूनच 'ऑन' हा शब्द बाजारात रूढ झाला. अधिकृत किमतीवर जी वरकड रक्कम हातोहात मोजावी लागे, ती म्हणजे 'ऑन'. ज्याचा नंबर लागला, त्याच्या हाती नुसती गाडी येत नसे, तर इतरांनी अजून न संपवलेली प्रतीक्षाही येत असे. जुनी गाडी विकणारा प्रत्यक्षात ती प्रतीक्षाच विकत होता. गाडीची किंमत तिच्या वयावर नव्हे, तर रांगेच्या लांबीवर ठरत होती.

७/ नेमक्या याच काळात, १९७० मध्ये, अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकेरलॉफ यांनी वापरलेल्या मोटारींच्या बाजारावर आपला प्रसिद्ध निबंध प्रसिद्ध केला. गाडीतील खोट विकणाऱ्याला ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. या संशयामुळे घेणारा हात आखडता घेतो आणि चांगल्या गाड्यांनाही योग्य भाव मिळत नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. २००१ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. संशय भारतातही होताच. पण तुटवड्याचे पारडे त्याहून जड होते.

८/ जुनी देऊन नवी घेण्याची रीतही तुलनेने पाहण्याजोगी आहे. १९२० च्या दशकात आल्फ्रेड स्लोन यांच्या नेतृत्वाखाली जनरल मोटर्सने दरवर्षी गाडीचे रूप थोडे बदलण्याचे धोरण रुजवले. शेजाऱ्याची नवी गाडी पाहिली की आपली जुनी वाटावी, आणि ती देऊन वरचे पैसे भरून नवी घ्यावी, हा त्यामागचा हेतू. भारतात १९६४ ची फियाट ११०० डिलाइट आणि तिचेच पुढे १९७४ मध्ये 'प्रीमियर पद्मिनी' झालेले रूप यांत मूळ बांधणीचा फारसा फरक नव्हता. अदलाबदल करून वेगळे असे काय मिळणार होते?

९/ परंतु ग्राहकाच्या या दुर्दैवातच मिस्त्रीचे बळ होते. वर्षानुवर्षे तेच इंजिन, तेच पाटे, तोच कार्ब्युरेटर. त्यामुळे एका गाडीचा भाग दुसरीला सहसा बसे आणि एकदा शिकलेली विद्या आयुष्यभर पुरे. मुंबईचा चोर बाजार, पुण्यातील नाना पेठ, कोलकात्याचा मल्लिक बाजार, दिल्लीचे मायापुरी ही ठिकाणे सुट्या भागांसाठी ओळखली जाऊ लागली. मोडीत निघालेली गाडी खऱ्या अर्थाने संपत नसे. तिचे भाग दहा गाड्यांत वाटले जात.

१०/ मालकाचा हिशेबही यावरून ठरे. इंजिन धूर सोडू लागले, तर बोअर करून नवे पिस्टन आणि रिंगा टाकायच्या. क्लच घसरला, तर प्लेट बदलायची. पत्रा गंजला, तर डेंटिंग-पेंटिंग करायचे. टायर झिजला, तर रिमोल्ड करून घ्यायचा. हा खर्च कितीही बोचला, तरी समोरचा पर्याय होता पुन्हा रांगेत उभे राहण्याचा किंवा 'ऑन' मोजण्याचा. त्यापुढे दुरुस्ती बहुधा स्वस्तच पडे. शिवाय नीट राखलेल्या गाडीचा भाव टिकत असल्याने तो खर्च सोन्याच्या घडणावळीसारखा वाटे.

११/ त्यामुळे जुन्या गाडीच्या व्यवहारात सर्वांत महत्त्वाची व्यक्ती दलाल नसे, तर घेणाऱ्याने सोबत नेलेला विश्वासू मेकॅनिक असे. इंजिनाच्या आवाजावरून टॅपेट ओळखणे, तेलाच्या रंगावरून मागील मालकाची सवय ओळखणे, दरवाजाच्या फटीवरून लपवलेला अपघात ओळखणे, ही त्याची परीक्षा. अकेरलॉफ यांनी ज्या अज्ञानाचे गणित मांडले, त्या अज्ञानावर भारतीय ग्राहकाने शोधलेला हा उपाय होता.

१२/ १९७३ च्या तेलसंकटाने हिशेबात नवा रकाना उघडला. कच्च्या तेलाचा दर काही महिन्यांत पिंपामागे सुमारे ३ डॉलरवरून ११ डॉलरच्या पुढे गेला. पेट्रोलच्या दरवाढीचा निषेध म्हणून त्या नोव्हेंबरात अटलबिहारी वाजपेयी बैलगाडीतून संसदेत आले. 'अ‍ॅव्हरेज किती देते?' हा प्रश्न आता अधिक गंभीर झाला. १०८९ सीसीच्या लहान फियाटचे पारडे १४८९ सीसीच्या अ‍ॅम्बॅसडरपुढे जड होऊ लागले. पुढे १९८० च्या सुमारास अ‍ॅम्बॅसडरही डिझेल इंजिन घेऊन आली.

१३/ हा हिशेब सर्वांत काटेकोर असे तो टॅक्सीचालकाचा. घरच्या गाडीची दुरुस्ती लांबली, तर बसने जाता येते. टॅक्सी गॅरेजमध्ये उभी राहिली, तर त्या दिवशीची चूल अडते. आटोपशीर, कुठेही दुरुस्त होणारी आणि कमी पेट्रोल पिणारी फियाट मुंबईची काळी-पिवळी झाली, यामागे हे साधे कारण होते. हवी तशी गाडी मिळत नव्हती. जी मिळाली ती चालती ठेवण्यात त्याची कमाई होती.

१४/ १४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधी यांच्या हस्ते पहिल्या मारुती ८०० ची किल्ली ग्राहकाच्या हाती गेली. त्यापूर्वीच सव्वा लाखाहून अधिक लोकांनी नोंदणीचे पैसे भरले होते. म्हणजे रांग एका दिवसात मिटली नाही. सुरुवातीला मारुतीलाही 'ऑन' लागला. परंतु उत्पादन वाढत गेले, १९९१ नंतर परवान्यांचे बंधन सैल झाले आणि दिवसेंदिवस जुन्या फियाटचा भाव तिच्या खऱ्या वयाला येऊन भिडला. ज्यांनी गाडीला पुंजी मानले होते, त्यांची पुंजी डोळ्यांदेखत आटली.

१५/ २००० सालच्या आसपास प्रदूषणाचे नियम कडक झाले आणि नव्या गाड्यांतून कार्ब्युरेटर हद्दपार झाला. बिघाड कानाने ऐकण्याऐवजी यंत्राच्या पडद्यावर वाचला जाऊ लागला. पद्मिनीचे उत्पादनही याच सुमारास थांबले. २००१ मध्ये मारुतीने वापरलेल्या गाड्यांच्या खरेदी-विक्रीसाठी 'ट्रू व्हॅल्यू' ही साखळी सुरू केली. विश्वासू मेकॅनिकची जागा कंपनीच्या तपासणी-पत्राने घेतली आणि स्लोन यांची 'जुनी द्या, नवी घ्या' ही रीत भारतात स्थिरावली.

१६/ उरला टॅक्सीवाला. महाराष्ट्रात मुंबईच्या टॅक्सींची वयोमर्यादा आधी २५ आणि नंतर २० वर्षे ठरली. टॅक्सी म्हणून नोंदलेली शेवटची पद्मिनी २००३ मधील होती. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस तिची मुदत संपली. इंजिन चालू असो वा नसो, आता निर्णय तारखेचा होता. शहराच्या हवेसाठी आणि प्रवाशांच्या सुरक्षिततेसाठी असा नियम आवश्यक होता, हे खरेच.

१७/ म्हणून सुरुवातीच्या प्रश्नाला प्रत्येक काळाचे उत्तर वेगळे. गाडीचे वय आधी रांग ठरवत होती, मग बाजारात आलेले नवे मॉडेल आणि आता कायदा. रांगेच्या काळाचे गोडवे गाण्याचे कारण नाही. त्या काळातील दुरुस्तीमागे हौस कमी आणि निरुपाय अधिक होता. मात्र त्या निरुपायातून लहानमोठ्या गॅरेजांत एक मोठे ज्ञान साठले आणि ते बहुतांशी लिहिले गेले नाही. घरातील जुनी आरसी बुके, नोंदणीच्या पावत्या, गॅरेजची बिले रद्दीत देण्यापूर्वी एकदा वाचावीत, आणि निवृत्त मिस्त्री भेटल्यास त्यांना बोलते करावे. या इतिहासाची बरीचशी साधने अद्याप त्यांच्याच स्मरणात आहेत.