भूगर्भांत शिरणारे बाँब

हवेंत झालेल्या स्फोटाचा आवाज दूरवर ऐकूं येतो. पण त्याचें बळ क्षणांत चहूंकडे विरून जातें. जमिनीच्या पोटांतील स्फोटाची गोष्ट निराळी. माती व खडक त्याचा धक्का दूर पोंचवितात, आणि बाँब बाजूला पडला तरी इमारतीचा पायाच उखडतो. या साध्या तत्त्वाच्या आधारें बार्न्स वॉलिस या इंग्रज यंत्रविशारदानें दुसऱ्या महायुद्धांत कृत्रिम भूकंप घडविणारें अस्त्र निर्माण केलें.

वॉलिस हा व्हिकर्स कंपनींत विमानांचे आराखडे तयार करी. १९४१ सालीं त्यानें एक प्रदीर्घ टिपण लिहून वरिष्ठांपुढें ठेविलें. कारखाने विखुरतां येतात. पण कोळशाच्या खाणी, तेलाचे साठे आणि धरणें जागचीं हलवितां येत नाहींत. शत्रूच्या सामर्थ्याचें हें मूळच तोडावें, आणि त्यासाठीं दहा टनांचा बाँब चाळीस हजार फुटांवरून टाकावा, असें त्याचें म्हणणें होतें. एवढें ओझें तितक्या उंचीवर नेणारें विमान ब्रिटिशांजवळ नव्हतें; सूचना मागें पडली. पुढें मे १९४३ मध्यें त्याच्याच उसळत्या बाँबांनीं जर्मनींतील मोने व एडर हीं धरणें फुटलीं, आणि त्याच्या शब्दाला वजन आलें.

१९४४ सालीं १२,००० रत्तल वजनाचा 'टॉलबॉय' तयार झाला. टोंकदार नाक, जाड पोलादी कवच, लांबी २१ फूट. शेपटीचे पंख किंचित् तिरपे बसविले असल्यानें तो स्वतःभोंवतीं फिरत सरळ खालीं येई, जमिनींत खोल शिरे आणि मगच फुटे. ८ जूनच्या रात्रीं फ्रान्समधील सोम्यूर येथें एक टॉलबॉय डोंगरांत शिरला व रेल्वेचा बोगदा ढांसळला. नॉर्मंडीकडे जाणाऱ्या जर्मन कुमकेची ती वाट बंद झाली. १४ मार्च १९४५ रोजीं २२,००० रत्तलांचा 'ग्रँड स्लॅम' बीलेफेल्डच्या रेल्वेपुलाजवळ पडला, आणि पूर्वीच्या अनेक हल्ल्यांना दाद न देणाऱ्या त्या पुलाच्या कमानी कोसळल्या.

ब्रेमेनजवळ फार्गे येथें पाणबुड्यांच्या कारखान्यावर जर्मनांनीं सुमारें पंधरा फूट जाडीचें, कांहीं ठिकाणीं त्याहूनहि जाड, असें काँक्रीटचें छत घातलें होतें. २७ मार्च रोजीं दोन ग्रँड स्लॅमनीं त्यालाहि भोंकें पाडलीं. तें छत बांधणारे हात मात्र वेठीस धरलेल्या कैद्यांचे होते. त्यांतील कित्येक राबतां राबतां तेथेंच मेले. मोने धरणाच्या पुरांत बुडालेल्यांतहि परदेशांतून पकडून आणलेले मजूर पुष्कळ होते. शत्रूच्या सामर्थ्याचें मूळ तोडावें, ही कल्पना कागदावर नितळ दिसे. पण त्या मुळाशीं माणसें राबत होतीं, आणि बंदी कोण व पहारेकरी कोण हा भेद पुराला किंवा धक्क्याला कळत नव्हता.

धरणांवरील मोहिमेंत ५३ हवाई सैनिक मारले गेले, हें शल्य वॉलिसच्या मनांत कायम राहिलें. १९५१ सालीं सरकारकडून युद्धकालीन संशोधनाबद्दल त्यास १०,००० पौंड मिळाले. ती रक्कम त्यानें, मृत हवाई सैनिकांच्या मुलांचें शिक्षण व्हावें म्हणून, स्वतः जेथें शिकला त्या शाळेला देऊन टाकली.

छत आणि बाँब यांची चढाओढ मात्र थांबली नाहीं. जून २०२५ मध्यें अमेरिकेनें इराणांतील फोर्दो येथील डोंगराखालच्या अणुकेंद्रावर ३०,००० रत्तलांचे बाँब टाकले. छत जितकें खोल, तितका बाँब जड, हा हिशेब ऐंशीं वर्षांनंतरहि मिटलेला नाहीं.