हत्तीचा कान आणि टपाल खात्यातला माणूस

इयरफोन कानात आहेत ना? मग आजची गोष्ट कानाचीच. आणि तीही हत्तीच्या.

१९२० च्या दशकातलं बुडापेस्ट. हंगेरीच्या टपाल खात्याच्या टेलिफोन प्रयोगशाळेत गेऑर्ग फॉन बेकेशी नावाचा तरुण नोकरीला होता. काम काय, तर टेलिफोन सुधारायचे. पण ह्या माणसाच्या डोक्यात वेगळाच किडा शिरला: माणसाचा कान आपल्या टेलिफोनपेक्षा किती पटीने चांगला आहे? म्हणजे तारांवर पैसा ओतायचा, की फोनच्या पडद्यावर? उत्तर हवं तर कान उघडून बघायलाच हवा. मग मृतदेहांचे कान आले, आणि त्याच्या मागोमाग उंदीर, गिनीपिग, कोंबडी, गाय… आणि हत्ती.

हत्तीच का? कारण आतल्या कानातली शंखासारखी नळी हत्तीत मोठी असते. आवाज आला की तिच्यातल्या पातळ पडद्यावरून लाट धावते. बेकेशीने ती सूक्ष्मदर्शकाखाली डोळ्यांनी पाहिली. ह्याच कामासाठी त्याला १९६१ चं नोबेल मिळालं.

पण त्या लाटेपर्यंत आवाज पोचवतो तो मधला कान. कानाचा पडदा, आणि त्याला जोडलेली तीन हाडं: हातोडी, ऐरण, रिकीब. हवा हलकी, आतलं पाणी जड. आवाज थेट पाण्यावर आदळला तर बहुतेक परतच जाईल. हाडं मधे दलाली करतात. आता हाडं जितकी जड, तितकं त्यांना भराभर हलवणं अवघड. म्हणून हत्तीच्या भल्यामोठ्या हाडांमधून बारीक, तीक्ष्ण आवाज जाणं कठीण.

डॉक्टर तुमच्या कानात रबरी टोक घालून हवेचा दाब कमीजास्त करतात आणि पडदा किती हलतो ते बघतात, त्या तपासणीचा पाया कोपनहेगनमधल्या ओटो मेट्झने १९४६ मध्ये घातला. हत्तीला मात्र ‘जरा स्थिर बसा हं’ म्हणणार कोण?

आणि मेलेला कान अर्धंच सांगतो, हे बेकेशीच्या कामातलं दुखणं. १९७१ मध्ये विल्यम ऱ्होडने जिवंत माकडांच्या कानात मोजलं, तेव्हा जीव गेल्यावर त्या लाटेची धारच जाते हे दिसलं. मग जिवंत हत्तीचं काय?

ते काम रिकी आणि हेन्री हेफनर ह्या जोडप्याने केलं. अमेरिकेतल्या कॅन्ससमधल्या एका प्राणिसंग्रहालयात आशियाई हत्तीण होती, सात वर्षांची. आवाज ऐकला की सोंडेने बटण दाबायचं, बरोबर आलं की बक्षीस! कापाकापी नाही, सुया नाहीत. मला हा प्रयोग फार आवडतो, कारण इथे प्रश्न थेट हत्तिणीलाच विचारला गेला. १९८० मध्ये निकाल छापून आला: ६० डेसिबलला ती १७ हर्ट्झपासून साडेदहा हजार हर्ट्झपर्यंत ऐकत होती. आपण साधारण २० ते २०,००० हर्ट्झ ऐकतो. म्हणजे वरच्या पट्टीत ती आपल्या खूप मागे, आणि खालच्या पट्टीत आपल्या पुढे.

पण इतकं खालचं ऐकून हत्तीला करायचंय काय? १९८४ मध्ये केटी पेन पोर्टलंडच्या प्राणिसंग्रहालयात हत्तींच्या पिंजऱ्याजवळ उभी होती. तिला हवेत धडधड जाणवली, पण आवाज काही ऐकू येईना. लहानपणी चर्चच्या मोठ्या ऑर्गनशेजारी उभं राहून गाताना अंगात जशी थरथर व्हायची, तशीच. मग ध्वनिमुद्रण केलं. हत्ती साधारण १४ ते २४ हर्ट्झवर एकमेकांशी बोलत होते.